ट्रायल रुग्णाच्या गावात नेताना: स्वयंसेवी संस्थांनी मिळून मांडायची कामाची घडी

धडगाव किंवा भामरागड तालुक्यातल्या पाड्यावरच्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषध किंवा उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या अभ्यासात घेतले आणि दर महिन्याला रक्त द्यायला जिल्ह्याच्या रुग्णालयात बोलावले, की त्याची एक दिवसाची मजुरी जाते, सोबत येणाऱ्याची जाते आणि वर जीपचे भाडे पडते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो येईनासा होतो आणि नोंदवहीत ‘पाठपुराव्यातून गळाला’ असा शेरा पडतो. शेवटपर्यंत टिकतात ते रुग्णालयाजवळ राहणारे. मग निष्कर्षही त्यांच्यापुरताच खरा ठरतो आणि ज्यांच्यात हा आजार सर्वाधिक आहे ते त्या निष्कर्षाबाहेर राहतात.

यावरचा उपाय म्हणजे विकेंद्रित ट्रायल. तिच्यात भेटी, तपासण्या आणि औषधवाटप यांतला जमेल तेवढा भाग रुग्णाच्या घराजवळ नेतात. हा शब्द नवा असला तरी महाराष्ट्राला कामाची ही पद्धत नवी नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळातल्या अभ्यासात ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष पुढे देशाच्या धोरणात उतरले. गावात राहून शिस्तीने मोजमाप होऊ शकते, हे तिथे सिद्ध झाले आहे.

पुढची मांडणी एका उदाहरणाभोवती आहे. सिकलसेलचे ६० रुग्ण, हायड्रॉक्सियुरिया या वेदनेचे झटके कमी करणाऱ्या औषधाचा उपचार, वर्षभराचा पाठपुरावा. एक वैद्यकीय महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालय हे केंद्र आणि वेगवेगळ्या तालुक्यांत काम करणाऱ्या तीन स्वयंसेवी संस्था. आजार दुसरा असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

घरी काय, रुग्णालयात काय

प्रोटोकॉलमधली, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यातली प्रत्येक कृती एका कागदावर ओळीने लिहा आणि तिच्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे भरा: ही घरी केल्याने रुग्णाला धोका वाढतो का, मोजमाप बिघडते का, करणारे माणूस उपलब्ध आहे का. वजन, गोळ्यांची मोजणी, वेदनेची रोजनिशी, ऑक्सिमीटरची नोंद आणि शिरेतून रक्त घेण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाने घेतलेले रक्त हे घरी जमते. निदानाची खात्री करणारी एचपीएलसी तपासणी, पहिली पूर्ण शारीरिक तपासणी, गर्भधारणेची तपासणी आणि सोनोग्राफी केंद्रावर ठेवा. मात्रा वाढवायची की थांबवायची हा निर्णय डॉक्टरचाच. तो फोनवर देता येतो, पण त्याची नोंद त्याच दिवशी लेखी हवी.

सगळेच घरी नेण्याचा मोह टाळा. पहिली आणि शेवटची भेट रुग्णालयात झालेली बरी, कारण अडचणीच्या रात्री ज्या दारात जायचे ते दार आणि तो डॉक्टर रुग्णाने आधी पाहिलेला असायला हवा.

तुलनेचे दोन गट असतील तर एका गटाचे मोजमाप घरी आणि दुसऱ्याचे रुग्णालयात असे कधी करू नका. वजनकाट्यातला फरकसुद्धा मग औषधाचा परिणाम वाटू लागतो. प्रत्येक काट्यावर दर आठवड्याला १० किलोचे प्रमाणित वजन ठेवून नोंद करा.

करार आधी, रुग्ण नंतर

अशा ट्रायली सर्वांत जास्त बिघडतात त्या इथे. संस्था एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखतात, बैठकीत सगळे ठरते, कागदावर मात्र ‘परस्पर सहकार्याने’ एवढेच उतरते. पहिली अडचण आली की रक्ताचा अहवाल रुग्णाला कोणी सांगायचा यावरच घोडे अडते.

कामनिहाय तक्ता करा. प्रत्येक कामापुढे एकाच संस्थेचे आणि एकाच पदाचे नाव, शिवाय तो माणूस रजेवर असेल तेव्हाचे पर्यायी नाव. ‘दोघे मिळून’ असे जिथे लिहिले जाते, ते काम कोणीच करत नाही. तक्त्यात निदान एवढे हवे: भेटीचे वेळापत्रक, रक्त घेणे, नमुना पोचवणे, अहवाल वाचणे, औषध देणे, अहवाल रुग्णाला सांगणे, रात्रीचा फोन उचलणे, गंभीर घटना कळवणे, विम्याचा पाठपुरावा, कागदपत्रे जपणे. ज्याचे काम थेट ट्रायलशी निगडित आहे, तो कार्यकर्ता कोणत्याही संस्थेच्या पगारावर असला तरी मुख्य संशोधकाने (ट्रायलची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने) सही केलेल्या जबाबदारी-नोंदवहीत त्याचे नाव, प्रशिक्षणाची तारीख आणि कामाची व्याप्ती असलीच पाहिजे. आशाताई किंवा एएनएम (उपकेंद्राच्या परिचारिका) यांची मदत हवी असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. ‘ताई करतील’ असे गृहीत धरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

पुढच्या कलमाबद्दल तडजोड नको. संस्थेला प्रत्येक भरती झालेल्या रुग्णामागे पैसे देऊ नका. डोक्यामागे रक्कम ठरली की चांगल्या कार्यकर्त्याच्या तोंडूनही नकळत आग्रह होतो आणि संमती नावापुरती उरते. मासिक ठरलेला खर्च द्या, त्यावर पूर्ण झालेल्या भेटीमागे प्रवास आणि साहित्याचा खर्च द्या. रुग्णाने नकार दिला तरी समजावण्याच्या भेटीचा खर्च मिळाला पाहिजे, हेही लिहा.

संस्था मध्येच बाहेर पडली तर काय, हेही आधीच ठरवा. किमान ६० दिवसांची नोटीस, आणि तिच्याकडच्या प्रत्येक रुग्णाची पुढची भेट कोण घेणार याची नावानिशी यादी. सुकाणू समितीत दोन रुग्ण किंवा पालक घ्या, त्यांना मत द्या आणि डॉक्टरांना मिळतो तसाच बैठकीचा भत्ता द्या. भेटीची वेळ, रोजनिशीचे रूप आणि रक्ताच्या नळ्यांची संख्या हे त्या दोघांनी प्रोटोकॉल पक्का होण्याआधी पाहायचे असते. छापून आल्यावर दाखवण्याला काही अर्थ नाही.

पैशाबाबत एक कायदेशीर खड्डा आहे. विदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मुख्य संस्थेने परदेशी निधी घेऊन बाकीच्या दोघींना वाटायचा, ही जुनी रीत बंद झाली. देणगीदाराने प्रत्येक पात्र संस्थेशी स्वतंत्र करार करावा, नाहीतर मुख्य संस्थेने क्षेत्रातील कर्मचारी स्वतःच्या पगारावर घ्यावेत. अर्ज करण्याआधी सनदी लेखापालाला मसुदा दाखवा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती वेळेत करून ठेवा.

परवानग्या

नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम २०१९ मार्च २०१९ मध्ये लागू झाले. आपला अभ्यास त्यात कुठे बसतो हे पहिले पाहायचे. नवे औषध असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. आधीच मंजूर असलेल्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा किंवा देण्याचा नवा मार्ग केवळ संशोधनासाठी तपासायचा असेल तर ती शैक्षणिक ट्रायल. तिला नैतिकता समितीची, म्हणजे सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची मंजुरी पुरते. औषध नेहमीच्याच उपयोगाचे असून फक्त पाठपुराव्याची पद्धत तपासायची असेल तर ते जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनात मोडते, आणि त्यासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली नैतिकता समिती लागते. दोन्ही प्रकारच्या समित्यांची नोंदणी वेगवेगळी असते. चुकीच्या समितीची मंजुरी घेतल्यामुळे सहा महिन्यांचे काम वाया जाऊ शकते.

ट्रायलच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली समिती वापरता येते. विकेंद्रित कामात हा आकडा त्रास देतो, कारण पाडे त्याहून दूर असतात. म्हणून प्रोटोकॉलमध्येच स्पष्ट लिहा की ट्रायलचे ठिकाण केंद्राचे रुग्णालय आहे आणि गृहभेटी त्याच्या मुख्य संशोधकाच्या जबाबदारीखाली होतात. गावांची यादी जोडा आणि समितीचे यावरचे मत लेखी घ्या. विम्याच्या पॉलिसीतही गृहभेटी आणि प्रवास धरले आहेत का ते वाचा. पॉलिसीत अनेकदा फक्त रुग्णालयाचा पत्ता असतो.

सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करायची. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. परदेशी सहभाग किंवा निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, तेव्हा वेळापत्रक त्या अंदाजाने आखा.

संमती

संस्थेवर गावाचा विश्वास असतो. ही मोठी ताकद आहे आणि सर्वांत मोठा धोकाही इथेच आहे. ज्या ताईंनी बाळंतपणात मदत केली, त्या म्हणतात म्हणून सही होते. त्यामुळे माहिती संस्थेने द्यावी, संमती मात्र केंद्राच्या डॉक्टरने किंवा समन्वयकाने घ्यावी. प्रत्यक्ष जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्यावी आणि संस्थेची परिचारिका रुग्णाशेजारी बसलेली असावी. माहिती दिल्यावर त्याच दिवशी सही घेऊ नका. घरात बोलून ठरवायला निदान दोन दिवस द्या. ‘नाही म्हटलेत तरी दवाखाना, गोळ्या, ताईंचे येणे सगळे पूर्वीसारखेच चालू राहील’ हे वाक्य जसेच्या तसे बोलले गेले पाहिजे.

मराठीतले पत्रक सगळीकडे पुरत नाही. नंदुरबारमध्ये पावरी आणि भिली, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलल्या जातात. पत्रकाचा त्या बोलीतला ध्वनिमुद्रित पाठ करा. दुसऱ्या माणसाकडून तो परत मराठीत सांगून घ्या आणि अर्थ कुठे सरकला ते तपासा. ‘चिठ्ठी टाकून गट ठरतो’ हे वाक्य इथे हमखास चुकते आणि रुग्णाला वाटते की डॉक्टरने त्याच्यासाठी योग्य ते निवडले. मग पाच प्रश्न उलट विचारा: हा उपचार आहे की अभ्यास, गट कोण ठरवतो, मध्येच सोडता येते का, त्रास झाला तर खर्च कोणाचा, कोणाला फोन करायचा. दोन उत्तरे चुकली तर पुन्हा समजवा.

वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो ट्रायलमधल्या कोणत्याही संस्थेचा नसावा. मुलांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ वर्षांवरील मुलाची तोंडी आणि १२ वर्षांवरील मुलाची लेखी सहमतीही घ्या. आश्रमशाळेतल्या मुलांबाबत विशेष जपा. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनने सह्या केल्याचे उघड झाले, २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुख्याध्यापक किंवा अधीक्षक म्हणजे पालक नव्हे.

रक्त, गाडी आणि गोळ्या

मात्रा स्थिरावेपर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) लागते, पुढे दर २ ते ३ महिन्यांनी. ६० रुग्ण म्हणजे २८ दिवसांत ६० भेटी, कामाचे २० दिवस धरले तर रोज ३. डोंगराळ भागात एका तंत्रज्ञाची क्षमता जेमतेम एवढीच असते, म्हणून दुसरा प्रशिक्षित माणूस राखीव हवाच. शक्य तिथे आठवडी बाजाराच्या गावात एक बंद खोली घ्या. लोक बाजाराला येतातच, प्रवासाचा वेगळा खर्च पडत नाही. खोलीच्या दारावर आजाराचे नाव लावू नका.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी (रक्ताची गुठळी होऊ न देणारे रसायन असलेली) खुणेपर्यंत भरा, ८ ते १० वेळा हळुवार उलटी-सुलटी करा, हलवून घुसळू नका. लेबल रक्त घेतल्यावर रुग्णासमोरच लावा आणि त्यावर सहभागी क्रमांक, तारीख, वेळ लिहा. आधी लेबल लावून ठेवलेल्या नळ्या एकाच घरातल्या दोन भावंडांत हमखास बदलतात. नमुना त्याच दिवशी यंत्रावर जायला हवा. उशीर होणार असेल तर २ ते ८ अंशांत ठेवा, २४ तासांपुढे नेऊ नका. फ्रीजरमधून काढलेली बर्फपिशवी लगेच पेटीत ठेवली तर नळीतले रक्त गोठते, पेशी फुटतात आणि अहवाल निरुपयोगी होतो. लसीकरणात करतात तेच करा: पिशवी बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की पेटीत घाला, आणि नळी पिशवीला थेट टेकू देऊ नका.

फेरीचा क्रमही नमुन्यावर परिणाम करतो. आधी शेवटच्या पाड्यापर्यंत जा आणि परत येताना रक्त घेत या, म्हणजे नळीतला वेळ वाचतो. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांना सीरम (रक्ताची गुठळी झाल्यावर वर उरणारा द्रव) लागते. रक्त अर्धा तास गोठू द्यायचे आणि दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करायचे, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून सीरम वेगळे करायचे असते. पाड्यावरून हे जमत नसेल तर त्या तपासण्या केंद्रावरच्या भेटीत घ्या. सीरम वेळेत वेगळे न केलेल्या नमुन्यात पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते.

सर्व नमुने एकाच प्रयोगशाळेत आणि पाच भागांत पेशी मोजणाऱ्या यंत्रावर जाऊ द्या. तीन भागांचे यंत्र न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळे देत नाही आणि इथे निर्णय त्यांच्यावरच असतो. गणित सोपे आहे: एकूण पांढऱ्या पेशी ४२००, न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे १५९६. सिकलसेलमध्ये केंद्रक असलेल्या लाल पेशी रक्तात येतात आणि काही यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशी धरून आकडा फुगवतात, त्यामुळे संशयास्पद नमुन्याचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट किती खाली गेल्यावर औषध थांबवायचे ते आकडे प्रोटोकॉलमध्ये असतात. तेच आकडे परिचारिकेच्या खिशातल्या कार्डावरही हवेत.

गोळ्या २८ दिवसांच्या भेटीला ३५ द्या. रोज एक असेल तर भेटीच्या दिवशी ७ उरायला हव्यात. १५ उरल्या तर ८ चुकल्या, म्हणजे २८ पैकी २० घेतल्या, ७१ टक्के. रागावू नका, कारण विचारा. रागावलात की पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या ओढ्यात जातात आणि पाकीट स्वच्छ रिकामे मिळते. कॅप्सूल घरी उघडू नये, गरोदर बाईने हाताळू नये, झाकणाच्या डब्यात मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. नवी पाकिटे शेवटचा सीबीसी अहवाल डॉक्टरने पाहिल्याशिवाय देऊ नका.

पावसाळ्यात हाच नियम अडचणीत आणतो. नदीने वाट अडवली तर रक्तही घेता येत नाही आणि गोळ्याही संपतात. जास्त साठा दिला तर तपासणीविना औषध चालू राहते, नाही दिला तर उपचार तुटतो. याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. जूनच्या आधी मुख्य संशोधकाने प्रत्येक रुग्णाबाबत ठरवून लिहावे: मागचे तीन अहवाल स्थिर आहेत का, किती दिवसांचा जादा साठा, तपासणी किती दिवस हुकल्यावर औषध थांबवायचे, काही दिवस रस्त्यालगतच्या नातलगाकडे राहणे शक्य आहे का. स्थलांतराचेही तसेच. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. दसऱ्याआधीच्या भेटीत जाण्याचे ठिकाण आणि दोन फोन नंबर घ्या, त्या भागातल्या प्रयोगशाळेशी आधी बोलून ठेवा. मुकादमाचा नंबर उपयोगी पडतो, पण त्याला आजार कळता कामा नये.

गंभीर घटना

मृत्यू, जीवाला धोका, रुग्णालयात दाखल होणे हे सगळे गंभीर प्रतिकूल घटनेत मोडते. नियमानुसार संशोधकाने ती २४ तासांत कळवायची असते, आणि हे तास घटना घडल्यापासून मोजले जातात, कळल्यापासून नव्हे. पाड्यावरची बातमी दुसऱ्या दिवशी पोचली तर वेळ तिथेच संपली. उशीर झालाच तर कारण लेखी द्यावे लागते. म्हणून क्षेत्रात नियम ठेवा: कळल्यापासून दोन तासांत फोन, माहिती अपुरी असली तरी. सविस्तर विश्लेषणाला १४ दिवस मिळतात. सिकलसेलचा रुग्ण वेदनेच्या झटक्याने दाखल होणे अपेक्षित असते, तरी दाखल होणे ही गंभीर घटनाच. ‘हे तर नेहमीचेच’ म्हणून न कळवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

रुग्णाच्या घरी भिंतीवर चित्रांचे कार्ड लावा. ३८.५ अंश सेल्सिअसवर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगवटा, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे: यांपैकी काहीही झाले तर फोनची वाट न पाहता १०८ बोलवायची किंवा मिळेल त्या वाहनाने निघायचे. ट्रायलमध्ये इजा झाल्यास मोफत उपचार हा सहभागीचा हक्क आहे. त्यासाठी केंद्राकडे रोख राखीव रक्कम असावी, कारण विम्याचे पैसे येईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही.

नोंदी आणि फोन

घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा मुलाच्या हातात. एसएमएसमध्ये आजाराचे किंवा औषधाचे नाव नको, ‘बुधवारी भेट’ एवढेच पुरे. सिकलसेलमुळे लग्ने मोडतात, तेव्हा ही काळजी अनाठायी नाही. अहवालाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे पहिल्या दिवसापासून बंद करा, कारण खासगीपणाही जातो आणि तो ग्राह्य मूळ दस्तही नाही. अ‍ॅप नेटवर्कविना चालणारे निवडा, तरी कागदी अर्ज जवळ ठेवा. चूक झाली तर एका रेघेने खोडा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर वापरलेली नोंद तपासनीस धरत नाही. ठरलेल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे ५ दिवसांची मुभा ठेवा, मात्र प्रत्यक्ष भेटीचीच तारीख लिहा. ठरलेली तारीख टाकून मोकळे होण्याची सवय लागली की सगळा डेटा संशयास्पद होतो.

बुडालेली मजुरी आणि प्रवास त्याच दिवशी, रोख किंवा खात्यात द्या. रक्कम नैतिकता समितीने मंजूर केलेलीच असावी.

शेवटची भेट

औषध पुढे कोण देणार हे भरतीआधीच प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि जिल्हा रुग्णालयाशी बोलून लेखी घ्या. शेवटच्या भेटीत रुग्णाच्या हाती एक फाइल द्या. तिच्यात वर्षभराचे सीबीसी अहवाल, सध्याची मात्रा, कधी थांबवायचे त्याचे आकडे आणि पुढच्या तपासणीची तारीख व ठिकाण असावे. त्या तारखेनंतर आठवड्याने संस्थेच्या कार्यकर्तीने घरी जाऊन पाहावे की तपासणी झाली का आणि डब्यात गोळ्या आहेत का. निकाल आल्यावर ते आधी त्या गावांत, त्यांच्या बोलीत सांगायचे, आणि त्या फेरीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायचा.